स्टार्टर का पडत होता

१

चिमाबाई गेली त्या दिवशी दुपारी सोपान माझ्या दुकानात आला आणि सरळ फरशीवर बसला. स्टूल रिकामं होतं, तरी खाली बसला. आळेफाट्याला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. सोपान तिथं नऊ वर्षं माझ्या हाताखाली होता, मग स्वतःची कामं घ्यायला लागला. चांगला वायरमन म्हणून त्याचं नाव झालं होतं आणि त्यातलं निम्मं श्रेय मी मनातल्या मनात स्वतःकडे ठेवलं होतं.

त्यानं तुटक तुटक सांगितलं ते असं. आण्याच्या पठारावर एक वीस-बावीस घरांची वस्ती आहे. खाली ओढ्याकाठी त्यांची पिण्याच्या पाण्याची विहीर, तिच्यावर दीड एचपीची सिंगल फेज मोटार. स्टार्टरचा डबा तीन महिन्यांपूर्वी सोपाननं बसवलेला. आज सकाळी मोटार नुसती गुरगुरत होती, पाणी वर येत नव्हतं, म्हणून चिमाबाई बघायला खाली उतरली. तिनं ओल्या पायांनी लोखंडी पाइपाला हात लावला आणि तिथंच गेली.

करंट लागून माणूस जातो तेव्हा आपल्याकडे नशिबाला बोल लावून मोकळे होतात. इथं तसं झालं नाही, कारण डबा उघडल्यावर आतला ओव्हरलोड रिले डायरेक्ट केलेला निघाला.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. मोटार जास्त करंट ओढायला लागली की रिले तापतो आणि काँटॅक्टरच्या, म्हणजे मोटारीला करंट जोडणाऱ्या स्विचच्या, कॉइलकडे जाणारा रस्ता तोडतो. याला रिले पडला म्हणतात. मोटार बंद पडते, जळत नाही. रिलेच्या ज्या दोन स्क्रूंमधून हा रस्ता जातो, त्या दोघांना तारेच्या तुकड्यानं जोडलं की झालं डायरेक्ट. मग रिले कितीही पडला तरी मोटार चालूच राहते. ही मोटार तशीच चालत राहिली, आतून जळाली, वाइंडिंग बॉडीला लागलं आणि करंट पाइपात उतरला.

चिमाबाईच्या मुलानं, भरतनं, पोलिसांत सोपानचं नाव दिलं होतं. गुन्हा शाबीत झाला तर लायसन्स जाणार आणि आत जावं लागणार, हे सोपानला मी सांगायची गरज नव्हती.

"ती तार म्या न्हाई टाकली, ताई," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, तू टाकली नसशील तर कुणीतरी टाकलीच असेल, तार काही डब्यात उगवत नाही. तो जो कोण असेल त्याला मी शोधून काढते. फार सहज बोलून गेले मी. शोधून काढल्यावर काय होईल याचा विचार माझ्या डोक्यात नव्हता.

२

पंचनामा झाल्यावर वस्तीवाल्यांनी ती मोटार वाइंडिंगसाठी माझ्याकडेच पाठवली. पाणी तर लागणारच होतं, आणि तालुक्याच्या या बाजूला जळक्या मोटारी माझ्याच टेबलावर येतात.

मोटारीचा शाफ्ट हातानं फिरेना, बेअरिंग धरलं होतं. वाइंडिंग एका जागी फुटलेलं नव्हतं, सगळीकडून सारखं करपलं होतं. म्हणजे हे एका सकाळचं काम नव्हे. बेअरिंग हळूहळू घट्ट होत गेलं, मोटार चार-पाच दिवस जादा करंट ओढत शिजत राहिली, आणि जो रिले पहिल्याच दिवशी तिला बंद पाडणार होता त्याची वाट कुणीतरी आधीच बुजवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी सोपानला घेऊन वस्तीवर गेले. तो टेम्पोतून उतरला नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

पाणी सोडायचं काम कागदोपत्री भागूबाबांचं. सत्तरी ओलांडलेला माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डब्याची एक किल्ली त्यांच्या करगोट्याला बांधलेली होती. बोलताना ते माझ्या खांद्याच्या बाजूला बघत होते. चष्म्यानं भागत नाही, माणूस आवाजावरून ओळखतो, असं त्यांनीच सांगितलं. रिलेचा स्क्रू ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. भागूबाबांचं नाव मी तिथंच खोडलं.

अर्थिंगला पाणी घालता का, हेही मी विचारलं. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी मुरलेलं असलं तरच करंट जमिनीत जातो, खड्डा कोरडा पडला की ती तार असून नसल्यासारखी.

"प्यायला हंडाभर मिळंना बाई," ते म्हणाले, "खड्ड्यात कुठून वतू?"

मी खड्ड्याचं बोलणं सोडलं आणि दुसरी किल्ली कुणाकडे असते ते विचारलं.

दुसरी किल्ली चिमाबाईच्या घरी असायची, कारण तिचं घर उताराच्या तोंडाशीच. शेजारच्या लंकाबाईनं मला चहा दिला आणि न विचारता पुष्कळ सांगितलं. नवा डबा आल्यापासून तो सारखा पडायचा. टाकी भरायच्या आत चार-पाच वेळा. भागूबाबांना दिसत नाही म्हणून चिमाबाई उतार उतरून जायची, रिलेचं निळं बटण दाबायची, स्टार्ट करायची आणि वर यायची. घरात पोचते न पोचते तो पुन्हा पडायचा. तिचा उजवा गुडघा कामातून गेलेला. सोपानला दोनदा बोलावलं. त्यानं सगळं तपासलं आणि काही सापडत नाही, बहुतेक व्होल्टेज कमी येतंय, असं सांगून गेला.

"मंग यात्रा झाली," लंकाबाई म्हणाली, "आन् दुसऱ्या दिवसापासनं त्यो पडायचाच थांबला. चिमाबाई म्हनली, देवानं ऐकलं."

यात्रा चिमाबाई जाण्याच्या अठरा दिवस आधी झाली होती. डबा कुणी आणि कशासाठी उघडला ते अजून कळायचं होतं. कधी उघडला, ते मला चहाच्या कपातच कळलं.

३

वस्तीत कुणाला स्टार्टरमधलं कळतं असं विचारलं की सगळे एकाच घराकडे बोट दाखवायचे. कुंडलिक. सोपानच्या आधी विहिरीवरची कामं तो करायचा, आणि नवा डबा सोपानला मिळाला म्हणून त्याच्या पोटात दुखत होतं. शिवाय त्याच्या गोठ्यात बारा गाई. पाणी नाही आलं की सगळ्यात जास्त अडचण त्याची.

माझी तर खात्रीच झाली. खोटं कशाला सांगू, कुंडलिकच असावा असं मला वाटत होतं. दुसऱ्याचं काम नासवणारी माणसं मला आवडत नाहीत.

गोठ्याच्या दाराशी त्याचा स्वतःचा स्टार्टर होता. त्याच्या हिरव्या बटणात आगपेटीची काडी खुपसलेली, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू. मी काडीकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो हसला. विहिरीवरच्या डब्यालाही त्यानं अशीच काडी लावून बघितली होती, यात्रेच्या आधी. सरळ कबूल केलं.

"पर काय उपेग न्हाई झाला, ताई. काडी घातली तरी पडायचाच की त्यो. इचित्र डबा व्हता राव."

त्याला खरोखरच कळलं नव्हतं. काडीनं बटण दाबून राहतं, पण रस्ता रिलेतूनच जातो. रिले पडला की हजार काड्या घाला, कॉइलला करंट मिळत नाही. ज्याला एवढंही माहीत नाही तो नेमके ते दोन स्क्रू शोधून त्यांच्यात तार टाकेल, हे शक्य नव्हतं. कुंडलिकही सुटला.

तार टाकणाऱ्याला डब्यातला रस्ता पाठ होता. त्या पठारावर असा माणूस कोण, या प्रश्नाला मला एकच उत्तर येत होतं, आणि तो टेम्पोत बसून माझी वाट बघत होता.

४

मी त्याला विचारलं नाही. भागूबाबांकडून किल्ली घेतली आणि एकटी खाली उतरले.

उतार मोजला मी. एकशे चाळीस पावलं, त्यातली निम्मी सुट्या दगडांवर. माझे गुडघे धड आहेत तरी वर येताना दम लागणार हे दिसतच होतं. यात्रेपर्यंतचे अडीच महिने ती बाई रोज चार-पाच खेपा करत होती.

विहिरीशेजारच्या मोटारीच्या खोलीत जाऊन डबा उघडला. वर काँटॅक्टर, खाली रिले, बाजूला कपॅसिटर. मोटारीकडे जाणाऱ्या दोन जाड तारा रिलेच्या दोन पोलांतून, म्हणजे आरपार जाणाऱ्या वाटांतून, गेलेल्या, तिसरा पोल रिकामा. वळणं काटकोनात, एकही तार दुसरीवर चढलेली नाही. सोपानचा हात कुठंही ओळखू येतो. रिले किती करंटला पडणार ते ठरवणारा डायल साडेनऊवर, मोटारीच्या पाटीवरही तेवढाच आकडा. गिऱ्हाईक कितीही रडलं तरी पाटीपेक्षा डायल वाढवायचा नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं.

आणि खाली ती तार. वीतभरही नव्हती. करड्या रंगाची, बारीक, मऊ. पंचनाम्यात तिला फक्त तारेचा तुकडा म्हटलं होतं आणि जागेवरच ठेवलं होतं. मी चष्मा लावून जवळून बघितलं.

तारेच्या दोन्ही टोकांवर तांब्याच्या बारीक टोप्या होत्या, हत्यारानं दाबून बसवलेल्या. त्यांना लग म्हणतात. लग दाबायला वेगळी पक्कड लागते आणि आमच्या भागात ती एकाही वायरमनच्या पिशवीत नसते. माझ्या दुकानातही नाही. आम्ही तार दातानं सोलतो, पीळ देतो आणि स्क्रूखाली दाबतो. सोपान आजही दातानंच सोलतो, त्यापायी त्याचा पुढचा दात झिजलाय. त्या डब्यातली बाकीची प्रत्येक तार तशीच पिळून दाबलेली होती.

करडी तार आणि दाबलेले लग कारखान्यातल्या पॅनलमध्ये असतात. म्हणजे असं काम रोज बघणारा माणूस हवा. यात्रेला वस्तीवर असणारा हवा. डब्याची किल्ली सहज हाताशी असणारा हवा. आणि या तिन्हींत सोपान बसत नव्हता. यात्रेच्या दिवशी तो माझ्याच दुकानात एक मोटार सोडवत होता, दिवसभर, हे मला आत्ता आठवलं.

मला सुटल्यासारखं वाटलं. दोन-चार श्वास घेतले असतील, तेवढ्यात दारातला उजेड अडला. भरत उभा होता. चाकणच्या कंपनीत तो मेंटेनन्सला आहे हे मला लंकाबाईनं सांगितलं होतं, पण मघाशी मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

५

तो पस्तिशीच्या आतला, डोकं नुकतंच भादरलेलं. मी बाजूला सरकले आणि त्या तारेकडे बोट केलं. काही विचारलं नाही.

भरतनं नाकारलं नाही. नाकारायची ताकद त्याच्यात उरली नव्हती असं मला वाटतं. यात्रेसाठी तो दोन दिवस आला होता. पालखी यायच्या दिवशी सकाळी त्यानं आईला पाच वेळा उतार उतरताना बघितलं. पाचव्यांदा ती मधेच दगडावर बसली आणि गुडघा धरून तिथूनच त्याला हसून हात केला. मग त्यानं पिशवीतून पक्कड काढली. कंपनीत एखादा सेन्सर उगाच लाइन थांबवायला लागला की साहेबच सांगतात, तात्पुरता बायपास टाका. तसाच त्यानं टाकला. पुढच्या सुट्टीला येऊन नीट बघू, असं ठरवून.

"मग सोपानचं नाव का दिलंस?" मी विचारलं.

आई गेल्याचं कळून चाकणहून येईपर्यंत ती तार आपल्या लक्षातच नव्हती, असं तो म्हणाला. पोलिसांनी डबा उघडून दाखवला तेव्हा आठवलं. तोवर चारचौघांत सोपानचं नाव तोंडातून गेलं होतं, आणि ते परत घ्यायचं म्हणजे काय सांगायचं, हे त्याला सुचेना.

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याची कीव आली आणि त्याच वेळी हिशोबही सुचला, की हा खरं बोलला तर सोपान आज संध्याकाळी मोकळा होतो. मी त्याला तसं सांगितलं. चल, म्हटलं, पोलिसांकडे जाऊ. तो लगेच तयार झाला. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि थांबला.

"येक सांगा ताई," तो म्हणाला. "डायल साडेनऊला व्हता. म्या क्लिप मीटर लावून करंट मोजला, साडेआठ. तवा बेअरिंगबी मोकळं व्हतं. मंग त्यो रिले पडत का व्हता?"

६

मी पुन्हा डब्याकडे वळले. मघाशी माझी नजर ज्यावरून सरकून गेली होती तिथंच ती आता अडकली.

तिसरा पोल रिकामा होता.

सिंगल फेजला ताराच दोन, त्यामुळे दोन पोल भरायचे आणि तिसरा सोडून द्यायचा, हे आम्ही सगळेच करतो. जुन्या रिलेला त्याचं काही वाटायचं नाही. आता मिळतात ते रिले तीन फेजच्या मोटारींसाठी बनवलेले. एका पोलातून करंट गेला नाही की रिलेला वाटतं एक फेज गेला, आणि करंट बरोबर असतानाही तो पडतो. त्याला उपाय आहे. दुसऱ्या पोलातून बाहेर आलेली तार परत वर न्यायची आणि तिसऱ्यातून घालायची. मग तिन्ही पोलांतून सारखाच करंट जातो आणि रिले शांत राहतो. याचं चित्र प्रत्येक नव्या रिलेच्या खोक्यातल्या कागदावर असतं. मी त्या कागदांना वार्निशचे ब्रश पुसते. एकदा पुसता पुसता चित्र दिसलं होतं, दोन वर्षं झाली त्याला. इतकी वर्षं जसं करतोय तसं चाललंय, असं म्हणून मी तो कागद चुरगळला. गिऱ्हाइकं स्टार्टर पडतो म्हणून यायची तेव्हा मी त्यांचा डायल गुपचूप वाढवून द्यायचे. सोपान तेवढं कधी करत नसे.

"व्होल्टेज," मी भरतला म्हणाले. "पठारावर व्होल्टेज पडतं."

खोटं बोलले. सोपानला वाचवायला बोलले असं मी स्वतःला सांगितलं, पण त्यात माझंही वाचणार होतं.

"व्होल्टेज म्या मोजलं व्हतं," भरत म्हणाला. "दोनशे वीस."

त्याच्या मागं सोपान उभा होता. कधी उतरून आला कळलं नाही. त्यानं भरतकडे बघितलंच नाही. तो डब्याकडे बघत होता, आणि डब्यापेक्षा जास्त माझ्याकडे. नऊ वर्षं माझ्याशेजारी बसून मोटारी सोडवलेल्या माणसाला माझं खोटं कळायला मीटर लागत नाही.

"ताई, माझं काय चुकलंय?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कागदाचं आणि ब्रशाचंही. भरत ऐकत दाराच्या चौकटीला टेकला. त्याची आई रोजच्या रोज एका निष्कारण पडणाऱ्या रिलेसाठी उतरत होती, आणि तो पडला नसता तर त्याला तार टाकायची वेळच आली नसती, हे त्याला माझ्याआधी समजलं असावं. कुणी कुणावर ओरडलं नाही. कुणीतरी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

पोलिसांत दोघांनी आपापलं सांगितलं. सोपाननं आपलं वायरिंग चुकलं असं स्वतःहून लिहून दिलं, मी अडवत होते तरी. भरतनं तारेचं लिहून दिलं. आता दोघांवरही केस चालणार आहे. मीही जबाब द्यायला बसले, तर तिथल्या माणसानं नम्रपणे सांगितलं की बाई, शिकवणाऱ्याचा जबाब लागत नाही, डबा तुम्ही बसवला नव्हता. मी त्याला समजावायला गेले. त्यानं चहा मागवला.

विहिरीवरच्या डब्याला केस संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे. वस्तीतल्या बाया आता दोरानं पाणी शेंदतात आणि हंडे घेऊन तो उतार चढतात. भरतनं कंपनी सोडली. तो घरात असतो, पण कुणाशी बोलत नाही, असं लंकाबाईनं फोनवर सांगितलं.

सोपान परवा दुकानात आला. तो आता वायरिंगची कामं घेत नाही, टोमॅटोच्या गाड्या भरायला जातो. म्हणाला, ते कसं करायचं असतं तेवढं एकदा दाखवा. मी टेबलावर नवा रिले ठेवला, तारेचा तुकडा कापला, दुसऱ्या पोलाच्या खालून काढून वर वळवला आणि तिसऱ्यात घालून स्क्रू आवळला. चहा गार व्हायच्या आत झालं. तो वाकून बघत होता.

"येवढंच व्हतं?" त्यानं विचारलं.

एवढंच होतं, असं मी त्याला सांगितलं.